गाडी लाखावर गेली म्हणून जाड ऑईल?

‘लाख किलोमीटर झाले ना, मग ५डब्ल्यू-३० सोडा, २०डब्ल्यू-५० टाका.’ ठाण्यात हा सल्ला गॅरेजात चहासोबत फुकट मिळतो. पण निव्वळ किलोमीटर वाढले म्हणून इंजिन ऑईलचा ग्रेड (म्हणजे डब्यावरचे हे जाडीचे आकडे) बदलायचा नसतो. डब्ल्यूआधीचा आकडा थंड इंजिनातल्या जाडीचा, नंतरचा १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या जाडीचा. सकाळी स्टार्टर मारल्यावर जाड ऑईल इंजिनात वरपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज नेमकी तेव्हाच जास्त. (आपल्याकडे थंडी नावालाच, पण रात्रभर उभं इंजिन १०० अंशांपुढे गारच!) ऑईल कमी होतंय, निळसर धूर येतोय? पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हचे सील तपासा. जाड ऑईल दुखणं फक्त झाकतं. मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेत, तर त्यातला जाड खुशाल घ्या. घोडबंदरच्या कोंडीत रोज रांगणारी गाडी असेल तर ऑईल मात्र ठरलेले किलोमीटर भरायच्या आधीच बदला.