देवळालीचा ताप इंग्रजीत कसा गेला

इंग्लंडात एखाद्याचं डोकं ठिकाणावर नसलं, की तो 'डूलॅली' झाला म्हणतात. ही डूलॅली म्हणजे आपली देवळाली. राहुरीजवळची देवळाली प्रवरा नव्हे, नाशिकची. आणि नाशिककरांच्या भाषेत सांगायचं तर देवळाली गावही नव्हे, देवळाली कॅम्प. 'ळ' गोऱ्या शिपायाच्या जिभेला वळणारा नव्हताच, मधला 'व'ही गळाला आणि डूलॅली उरली.

मुळात हा वाक्प्रचार दोन शब्दांचा होता: 'डूलॅली टॅप'. त्यातला टॅप नळाचा नाही की टिचकीचा नाही. तो आपला ताप आहे. शिपायांनी तो बाजारातल्या हिंदुस्तानीतून उचलला. म्हणजे 'त्याला देवळालीचा ताप चढलाय' असं काहीसं ते म्हणत.

हा ताप कशाचा, ते समजायला त्या वेळची जहाजं पाहावी लागतात. 1860 च्या दशकात देवळालीला फौजेची छावणी बसली. मुंबई रेल्वेने जोडलेली, हवा कोरडी आणि थंड, त्यामुळे विलायतेहून आलेले आणि परत निघालेले शिपाई इथे थांबवले जात. 1870 च्या कायद्याने ब्रिटिश फौजेत कमी मुदतीची भरती सुरू झाली आणि मुदत संपवून घरी परतणाऱ्यांची ये-जा वाढली. पण फौजेची जहाजं बारमाही सुटत नसत. साधारण ऑक्टोबर ते मार्च हाच त्यांचा हंगाम; उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातला उकाडा माणसांना सोसणारा नव्हता. ज्याची मुदत मार्चनंतर संपली, त्याला पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे.

आणि ती वाट रिकाम्या हातांनी पाहायची. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायाच्या 1936 साली निघालेल्या आठवणींत या दिवसांचं वर्णन आहे. मुदत संपलेल्यांकडे शस्त्रं नसत, कामही जवळजवळ नसे. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी एखादी लांब पायपीट, एवढंच. नोकरीभर ज्यांच्या नावावर डाग नव्हता अशी काही माणसं इथे मोठ्या भानगडीत अडकत आणि घरी जाण्याआधी तुरुंगात जात. कुणी गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडत. रिचर्ड्स या वाक्प्रचाराचं मूळ कंटाळ्याने विचित्र वागणाऱ्या या माणसांतच पाहतो, आणि मला ते पटतं. मलेरियाचा, उन्हाचा खरा तापही तेव्हा होताच. तरी सहा महिने बोटीची वाट पाहणाऱ्याची अवस्था मराठी माणसाला वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडे 'डोक्याला ताप' म्हणतात तो हाच.

गावाचं नाव वेडाला चिकटणं तसं नवीन नाही. लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळावरून इंग्रजीत 'बेडलम' म्हणजे गोंधळ असा शब्द रुजला. आपणही 'याला येरवड्याला पाठवा' म्हणतोच. पण येरवड्याला मनोरुग्णालय आहे. देवळालीची ओळख अगदी उलटी: मोकळ्या हवेसाठी मुंबईची पारशी आणि गुजराती कुटुंबं जिथे येऊन राहत, ज्यांची आरोग्यधामं अजूनही तिथे दिसतात, ते हे गाव. तिच्या वाट्याला हा अर्थ आला तो परक्या माणसांच्या रखडपट्टीमुळे, आणि ते मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

शिपाई घरी पोचले तेव्हा शब्दही पोचले. विलायतीवरून 'ब्लायटी' म्हणजे मायदेश, 'देखो'वरून 'डेको' म्हणजे नजर टाकणं, हे त्याच बोलीतले. पहिल्या महायुद्धात 'ब्लायटी' तर खंदकाखंदकात गेला; घरी पाठवलं जाईल इतपतच लागलेल्या जखमेलाही तेच नाव पडलं. 'डूलॅली टॅप' 1925 मध्ये सैनिकी शब्दांच्या एका इंग्रजी कोशात आला, तो 'जुन्या फौजेतला शब्द' म्हणूनच.

पुढे 'टॅप' गळून पडला. मुलं दंगा करून डोकं उठवतात तेव्हा आई म्हणते, आता मी डूलॅली होणार. त्या आईला छावणी ठाऊक नसते, जहाजाचा हंगामही नसतो. इकडे देवळाली कॅम्पात आता भारतीय तोपखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि मुंबईहून नाशिकला जाणारी गाडी नाशिक रोडच्या आधी त्याच स्टेशनातून जाते.