कीबोर्डला पाच व्होल्ट द्यायचे कोणी?

टीन्सी ४.१ हा बोटभर लांबीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे एका चिपवरचा छोटा संगणक, घरी सिंथेसायझर (विजेवर सूर घडवणारं वाद्य, थोडक्यात सिंथ) बनवणाऱ्यांच्या विशेष आवडीचा. त्याचा प्रोसेसर ६०० मेगाहर्ट्झवर चालतो, अनेक स्वर एकाच वेळी घडवतो, आणि यूएसबी मिडी कीबोर्ड त्याला थेट जोडता येतो. (मिडी म्हणजे वाद्यांनी एकमेकांना सुरांचे संदेश पाठवण्याची पद्धत.) कीबोर्ड संगणकाला जोडला असता वीज संगणक देतो. आपल्या सिंथला जोडला, की ती जबाबदारी सिंथवर येते.

यूएसबी २.० च्या नियमानुसार जोडल्याबरोबर उपकरणाने १०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज घ्यायची. मग ते आपली गरज कळवते आणि होस्टने, म्हणजे वीज देणाऱ्या बाजूने, मान्यता दिली तर ५०० पर्यंत जाऊ शकते. टीन्सी स्वतःच साधारण १०० मिलिअँपिअर खातो. सगळा सिंथ लॅपटॉपच्या एकाच पोर्टवर चालवला आणि कीबोर्डवर रंगीत दिवे असले, तर वीज लगेच अपुरी पडते. म्हणून चांगला ५ व्होल्टचा, किमान २ अँपिअरचा अडॅप्टर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण क्षणभराची असते. कीबोर्ड खोचताच त्याच्या आतले रिकामे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वीज ओढतात, व्होल्टेज खाली येतं आणि प्रोसेसर रीसेट होऊन वाजता सूर तुटू शकतो. यासाठीच उपकरणात १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त भार नसावा आणि वीज देणाऱ्या बाजूला निदान १२० मायक्रोफॅरडचा साठा असावा, असं ठरलेलं आहे. हा कपॅसिटर सॉकेटच्या अगदी जवळ लावायचा. लांब वायरीच्या टोकाला लावला तर त्याचा उपयोग घटतो.

संगीतासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र आवाजाचा. बारा मेगाबिट वेगाच्या यूएसबीत दर मिलिसेकंदाला एक फ्रेम (माहितीच्या देवाणघेवाणीचा एक ठोका) सुरू होते, म्हणजे सेकंदाला १०००. विजेच्या मागणीतली ही लय ५ व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या (वीज परत नेणाऱ्या) तारांतून ऑडिओ सर्किटमध्ये शिरली, की स्पीकरमधून १००० हर्ट्झची बारीक शीळ येते. एकही स्वर दाबलेला नसताना ती जास्तच जाणवते. १९८३ साली आलेल्या मूळ मिडीत हा धोका आधीच ओळखला होता: तिथे संदेश ऑप्टोकपलर नावाच्या भागातून प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो, त्यामुळे दोन वाद्यांची ग्राउंड एकमेकांना जोडली जात नाहीत. यूएसबीत ती जोडली जातातच. मूळ मिडीची रचना किती विचारपूर्वक केलेली होती!

उपाय आपल्या हाती आहेत. आकड्यांतून ध्वनी घडवणाऱ्या डॅक चिपला स्वतंत्र, कमी विद्युत गोंगाटाचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) द्यावा. यूएसबीचा परतीचा प्रवाह ऑडिओच्या ग्राउंडमधून न नेता दोन्ही ग्राउंड वीज जिथे आत येते तिथेच जोडावीत. तरीही शीळ उरली, तर यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवणारं उपकरण, वापरावं.

अडॅप्टर लावलेला असताना कोड चढवायला लॅपटॉपही जोडला, तर ५ व्होल्टचे दोन स्रोत एकमेकांना भिडतात. टीन्सीच्या खालच्या बाजूला यासाठी यूएसबीची वीज आणि बाहेरचा पुरवठा यांना जोडणारी एक छोटी तांब्याची पट्टी मुद्दाम ठेवलेली असते. बाहेरचा पुरवठा जोडण्याआधी ती कापावी आणि कापली गेल्याची खात्री मल्टिमीटरने करावी.