धारक भिंत आणि दगडी पिचिंग: उताराच्या अंगणाला नेमके काय हवे?

घरासमोरचे अंगण उताराचे असेल आणि दर पावसात त्याची माती वाटेवर येत असेल, तर गवंड्यापासून शेजाऱ्यापर्यंत जो तो एकच उपाय सुचवतो, तो म्हणजे दगड लावून घेण्याचा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. उतारावर दगड दोन अगदी निराळ्या कामांसाठी लावले जातात आणि लांबून पाहता दोन्ही कामे सारखीच दिसतात. एक म्हणजे मातीचा रेटा अडवणारी धारक भिंत, जिला बोलण्यात आपण रिटेनिंग वॉल म्हणतो. दुसरे म्हणजे उताराच्या अंगावर दगडांचे अस्तर बसवणारे पिचिंग, जे धरणाच्या किंवा तलावाच्या बांधावर सर्वांनी पाहिलेले असते. त्यातच ‘संरक्षक भिंत’ हा सैल शब्द या दोहोंना आणि वर कुंपणाच्या भिंतीलाही लावला जातो, त्यामुळे काम ठरवताना घरमालक एक समजतो आणि करणारा दुसरेच करून जातो.

धारक भिंतीमागची माती स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. भिंत काढली तर ती खाली येईल, आणि तिला थोपवून धरणे हेच भिंतीचे काम असते. पिचिंगखालची माती मात्र मुळात आपल्या जागी स्थिर असावी लागते. तिला धोका असतो तो वरून वाहणाऱ्या पाण्याने खरवडली जाण्याचा, आणि दगडांचे अस्तर तेवढाच धोका टाळते. पिचिंग मातीच्या अंगावर टेकलेले असते, तर धारक भिंतीवर माती टेकलेली असते.

सुटी, कोरडी माती ढीग करून ओतली तर तो ढीग साधारण ३० ते ३५ अंशांच्या कोनात स्थिरावतो. उतार त्याहून बराच सौम्य असेल, म्हणजे १ मीटर उंचीला २ मीटर आडवे अंतर मिळत असेल, तर तो कोन सुमारे २७ अंशांचा होतो आणि बहुतेक ठिकाणी पिचिंग किंवा नुसती लागवडही पुरते. पण अंगण सपाट करण्यासाठी किंवा वाट काढण्यासाठी हाच उतार उभा कापला, की मामला बदलतो. १ मीटर उंचीच्या उभ्या कापावर साधारण कोरडी, सुटी माती भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे ३०० किलोग्रॅम वजनाइतका आडवा रेटा देते. उंची दुप्पट केली, तर हा रेटा चौपट होऊन १,२०० किलोग्रॅमवर जातो, आणि भिंत उलथवण्याचा जोर तर आठपट होतो. म्हणूनच २ मीटरची एक भिंत घालण्यापेक्षा मध्ये पुरेशी रुंद सपाट पायरी सोडून १ मीटरच्या दोन भिंती घालणे बहुधा स्वस्तही पडते आणि सुरक्षितही. ही मधली पायरी अरुंद ठेवली, तर मात्र वरच्या भिंतीचा भार खालच्या भिंतीवर येतो आणि विभागणीचा फायदा बराचसा हातचा जातो.

मी पाहिलेल्या एका अंगणात अशाच उभ्या कापाला १५ सेंटिमीटर जाडीचे दगड सिमेंटमध्ये चिकटवून घेतले होते. दरजा इतक्या सुबक भरल्या होत्या, की पाहणाऱ्याला ती भिंतच वाटावी. दुसऱ्या पावसाळ्यात तिला पोट सुटले: खालच्या तिसऱ्या थरापासून दगड हळूहळू बाहेर आले आणि वरच्या कडेला मातीत बोटभर रुंदीची फट पडली. हिशेब मांडला तर यात नवल काही नाही. त्या आवरणाचे वजन मीटरमागे ३५० किलोग्रॅमच्या आसपास, म्हणजे रेट्याहून अधिक भरते खरे, पण ते इतक्या पातळ पायावर उभे असते की उलथण्याला त्याचा विरोध जेमतेम पाव भरतो. कोरड्या, म्हणजे सिमेंटशिवाय रचलेल्या, दगडी धारक भिंतीचा पाया उंचीच्या निम्म्याइतका रुंद ठेवण्याचा आणि तिचा चेहरा मातीकडे किंचित कललेला ठेवण्याचा जो रिवाज आहे, त्यामागे हेच गणित आहे. अधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीत जाणारे लांब दगडही घालावे लागतात, नाहीतर पुढचा आणि मागचा थर एकमेकांपासून सुटतात.

धारक भिंतीचा मातीहूनही मोठा शत्रू पाणी आहे. तिच्यामागे १ मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर एकट्या पाण्याचाच रेटा मीटरमागे ५०० किलोग्रॅम होतो आणि भिजल्या मातीचा त्यात वेगळा मिळतो. म्हणून भिंतीमागे साधारण ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये माती अडवून पाणी सोडणारे कापड, आणि सिमेंटची भिंत असल्यास तळाजवळ दर मीटर-दीड मीटरवर पाणी बाहेर पडण्यासाठी भोके हवीत. काटकसर म्हणून सर्वांत आधी हीच खडी गाळली जाते. माझ्या मते, काटकसर करायचीच असेल तर ती दर्शनी दगडाच्या घडाईत करावी. कोरड्या भिंतीला सांध्यांतून पाणी सोडता येते, हा तिचा स्वस्तपणापलीकडचा गुण आहे.

पिचिंगचे काम त्या मानाने सोपे. उतार ठोकून एकसारखा करायचा, त्यावर खडीचा पातळ थर पसरायचा आणि दगड उभे रोवून फटींत चिपा ठोकायच्या. ज्याच्याकडे दुर्लक्ष होते तो भाग म्हणजे पायथा. सर्वांत खालच्या रांगेतील मोठे दगड चरात गाडलेले नसतील, तर वरचे सगळे अस्तर खाली सरकते.

आपल्या अंगणाला यांपैकी काय हवे, हे जमीन स्वतःच बऱ्यापैकी सांगते. मातीवर बोटाएवढ्या ओघळी पडल्या आहेत, झाडांची मुळे उघडी पडली आहेत आणि उताराच्या तळाशी बारीक गाळ बसला आहे, तर हे धुपीचे काम आहे. उलट, वरच्या कडेला समांतर भेगा दिसत असतील, कुंपणाचे खांब खालच्या बाजूला झुकले असतील किंवा तळाशी जमीन फुगली असेल, तर माती सरकते आहे. तिथे दगडांचे अस्तर उपयोगाचे नाही, आणि उंची माणसाच्या कमरेपलीकडे असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय फावडे उचलू नये. उतार मोजायला १ मीटर लांबीची सरळ फळी पुरते. तिचे वरचे टोक जमिनीवर टेकवून पाणसळीने ती आडवी करावी आणि दुसऱ्या टोकाखालचे अंतर मोजावे. ते ५० सेंटिमीटरपर्यंत भरले, तर भिंतीची घाई नको. अशा उतारावर वाळ्याची ठोंबे समपातळी रेषेवर १० ते १५ सेंटिमीटर अंतराने लावली, तरी दाट कुंपण होऊन माती अडते. त्याची मुळे आडवी पसरण्यापेक्षा सरळ खाली, दोन-तीन मीटरपर्यंत जातात. नव्या लागवडीला जम बसेपर्यंत वेळ लागतो, तोवर पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे.

वाटेच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात. उतारावर सरळ चढणारी वाट जमिनीत फारशी खोल कापावी लागत नाही. पायऱ्यांची उंची १२ ते १५ सेंटिमीटर आणि पाऊल ठेवण्याची जागा ३५ ते ४० सेंटिमीटर ठेवली, की तिचे भागते. उतार आडवा कापत जाणाऱ्या वाटेला मात्र डोंगराच्या बाजूस उभा काप येतो, आणि फक्त तेवढ्याच लांबीला गुडघाभर धारक भिंत लागते. कापाच्या वरचा उरलेला उतार पिचिंगवर किंवा वाळ्यावर सोडता येतो. भिंत आणि वाट यांच्यामध्ये वीतभर रुंदीची खडी भरलेली नाली ठेवावी, वाटेला ५० सेंटिमीटर रुंदीमागे १ सेंटिमीटर ढाळ त्या नालीकडे द्यावा, आणि नालीचे तोंड पायऱ्यांवर न उघडता बाजूच्या झाडांत सोडावे.