सोलापूरचं ऊन, विरळ हवा आणि विमानाचं इंधन

सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं 2025 च्या जूनमध्ये, मुंबईचं त्याच वर्षी ऑक्टोबरात. तेव्हापासून सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर विमानतळाच्या विस्ताराचा विषय संपता संपत नाही. तिरुपती कधी, मोठी विमानं कधी? त्यात एक वाक्य हमखास येतं: छतावर सोलर बसवला की झाला विमानतळ प्रदूषणमुक्त!

जरा हिशेब करू. एक टन विमान इंधन जाळलं की साधारण 12,000 युनिट विजेइतकी उष्णता मिळते. गोव्याला जाणारं एटीआर हे पंख्याचं, इंधनाच्या बाबतीत काटकसरी विमान. तेही तासाला 700 किलोच्या आसपास इंधन पितं, म्हणजे 8,400 युनिट. महिन्याला 100 युनिट वापरणाऱ्या घराला ही ऊर्जा सात वर्षं पुरेल. एक मेगावॉटचा सोलर प्रकल्प सोलापूरच्या उन्हात दिवसाला चार-साडेचार हजार युनिट देतो. (उष्णता आणि वीज यांची अशी थेट तुलना काटेकोर नाही, पण अंदाज यायला पुरे.) कोचीचा विमानतळ 2015 पासून आपली वीज सूर्यावर भागवतो, त्याचं कौतुक आहेच, पण त्या विजेवर एकही विमान उडत नाही. टर्मिनलमधले दिवे आणि एसी हा या हिशेबातला चिल्लर खर्च आहे. नोटा मोजायच्या तर धावपट्टीवर यावं लागतं.

आणि सोलापूरच्या धावपट्टीचं नातं थेट उन्हाशी आहे.

पंखाचा आकार आणि कोन तोच असेल तर त्याला मिळणारी उचल दोन गोष्टींवर ठरते, हवेची घनता आणि वेगाचा वर्ग. समुद्रसपाटीला 15 अंश तापमानात एक घनमीटर हवेचं वजन 1.225 किलो भरतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे हवेचा दाब मुळातच पाच-सहा टक्के कमी. त्यात मे महिन्याची दुपार, पारा 42 वर. वायूचा शाळेतला नियम लावला की घनता येते सुमारे 1.06. जवळजवळ 14 टक्के हवा गायब! इतकी विरळ हवा एरवी दीड हजार मीटर उंचीवर भेटते. म्हणजे आपण होटगी रोडवर उभे असतो, पण विमानाच्या दृष्टीने महाबळेश्वरच्याही वर असतो.

हवा विरळ असली तर तेवढीच उचल मिळवायला वेग वाढवावा लागतो. वेगाचा वर्ग असल्यामुळे ही वाढ 14 टक्के न होता साडेसात टक्क्यांवर भागते. आता गंमत बघा. वैमानिकासमोरचा वेगमापक हवेचा दाब मोजून वेग दाखवतो, आणि तो दाबही घनता गुणिले वेगाचा वर्ग यावरच अवलंबून असतो. त्यामुळे विमान उचलताना काटा जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत दाखवेल तोच आकडा मे महिन्यातही दाखवतो, समजा ताशी 260 किलोमीटर. पण मे महिन्याच्या दुपारी चाकं जमिनीवर 280 ने पळत असतात. काट्याला ते कळत नाही. कळतं टायरला, ब्रेकला आणि संपत आलेल्या धावपट्टीला.

दुसरीकडे इंजिनाच्या पोटातही तीच विरळ हवा जाते, त्यामुळे त्याचा जोर घटतो. वेग जास्त लागतो आणि तो गाठायला ताकद कमी, असा दुहेरी मार. धावण्याचं अंतर ढोबळमानाने घनतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं, म्हणजे समुद्रकाठच्या थंड हवेपेक्षा एक तृतीयांशाने जास्त. वैमानिक उड्डाणाआधी हे सगळं कोष्टकात बघतो. राहुकाळ त्या कोष्टकात नसतो, तापमान असतं.

उडाल्यावरही सुटका नाही. दोन इंजिनांच्या प्रवासी विमानाचं एक इंजिन ऐन उड्डाणात बंद पडलं तरी त्याला किमान 2.4 टक्क्यांनी चढता आलं पाहिजे, असा नियम आहे. या चढाने 90 मीटर वर जायला पावणेचार किलोमीटर लागतात. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी साधारण तेवढीच उंच होती. 2023 च्या जूनमध्ये विमानांना अडथळा म्हणून ती पाडली तेव्हा गावात दोन तट पडले होते. त्या वादात मी पडत नाही. पण ती चिमणी बगॅसवर (उसाच्या चोथ्यावर) चालणाऱ्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची होती, आणि विस्ताराचा ऊर्जेचा ताळेबंद मांडणाऱ्याने ती ओळही लिहायला हवी.

धावपट्टी अपुरी आणि हवा विरळ असेल तर वैमानिकाच्या हातात एकच उपाय उरतो: वजन कमी करणे. एटीआरला फारशी अडचण येत नाही. प्रश्न येतो एअरबस ए-320 सारखी विमानं आली की. समजा 180 आसनांच्या विमानात 150 जणच बसवता आले. विमान थोडं हलकं झाल्यामुळे इंधन किंचितच कमी लागतं, पण ते भागलं जातं 150 ने. माणशी जळणारं इंधन पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतं. लांब धावपट्टी इंधन वाचवते ती अशी.

इंधन भरायची सोय हाही विस्ताराचाच भाग. ती नसलेल्या विमानतळावर विमान परतीचं इंधनही पोटात घेऊन येतं, आणि जादा वाहिलेल्या इंधनातला तीन-चार टक्के भाग दर तासाला ते वाहण्यातच जळतो.

म्हणून विस्ताराने इंधन वाचतं म्हणायचं का? माणशी, हो. एकूण, नाही. धावपट्टी लांबली की विमानं वाढतात, आणि काल विजेवरच्या वंदे भारतने मुंबईला जाणारा माणूस उद्या केरोसीन जाळणाऱ्या विमानाने जातो. जाहिरातीत पहिला आकडा असतो, दुसरा नसतो.

नाईट लँडिंगचे दिवे मात्र मला या सगळ्या विस्तारातली सर्वात किफायतशीर वस्तू वाटतात, आणि त्यांच्याबद्दल बोलताना लोक फक्त सोयीचं बोलतात. दिवे असले की विमान अंधारातही सोडता येतं, आणि मे महिन्यातही पहाटे पारा 27 पर्यंत उतरतो. दुपारच्या 42 च्या तुलनेत हवा पाच टक्क्यांनी दाट, धावण्याचं अंतर सुमारे नऊ-दहा टक्क्यांनी कमी. दुपारी दोन किलोमीटर धावणाऱ्या विमानाचे जवळजवळ 200 मीटर वाचले, तेही भूसंपादन न करता. आखातातल्या विमानतळांवरून लांब पल्ल्याची कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, त्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक आहे. सोलापूरला मोठी विमानं आणायची असतील तर काँक्रीटच्या आधी वेळापत्रक बघावं. मार्च ते जून दुपारी बारा ते पाच मोठं विमान सोडूच नये.