हायब्रिड क्लब आला कुठून, आणि त्याच्यावरचा आकडा का फसवतो

हायब्रिड म्हणजे पातळ धातूच्या डोक्याचं आयर्न आणि जाड, फुगीर डोक्याचा वूड यांच्या मधला गोल्फ क्लब. गोल्फच्या बॅगेत चौदापेक्षा जास्त क्लब चालत नाहीत. अमेरिकेत हा नियम १९३८ साली आला, ब्रिटनमध्ये पुढच्या वर्षी. त्या चौदांतल्या दोन-तीन जागा हौशी खेळाडू वर्षानुवर्षं दोन, तीन आणि चार नंबरच्या आयर्नना देत आला, आणि ते क्लब बहुतेक वेळ बॅगेतच पडून राहिले.

दोष खेळाडूचा कमी, घडणीचा जास्त. अशा लहान आकड्याच्या, लांब अंतराच्या आयर्नचं, म्हणजे लाँग आयर्नचं, डोकं पातळ पात्यासारखं असतं, त्यामुळे गुरुत्वमध्य फेसला, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूला, अगदी चिकटून राहतो. लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कोन, कमी, म्हणून चेंडू उंच जायला स्विंगचा चांगला वेग लागतो. तो नसला की चेंडू खालून सपाट जातो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड गवतावर, पडला तरी थांबत नाही. रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, आणखी पंचाईत: गवत डोक्याच्या मानेला गुंडाळलं जातं, फेस मिटतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे पळतो. पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडे ओल्या गवतातून तीन नंबरचं आयर्न मारून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

यावरचा उतारा आयर्नकडून नाही, वूडच्या बाजूने आला. ऑस्ट्रेलियन थॉमस क्रो यांच्या कोब्रा कंपनीने १९७५ साली ‘बॅफलर’ काढला. आखूड लाकडी डोकं, भरपूर लॉफ्ट, आणि तळाला दोन पट्ट्या, म्हणजे क्लब गवतात न रुतता घसरत जावा. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बार्नी ॲडम्स यांचा ‘टाइट लाइज’ आला. त्याचा फेस बुटका आणि वजन खाली, त्यामुळे कडक, उघड्या जमिनीवरूनही चेंडू उठायचा. २००२ मध्ये टेलरमेडच्या ‘रेस्क्यू मिड’नंतर आजचं हायब्रिड घराघरांतल्या बॅगांत शिरलं. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, हेझल्टीनच्या शेवटच्या होलवर, वाय. ई. यांगने तीन नंबरच्या हायब्रिडने सुमारे २०० यार्डांवरून चेंडू होलजवळ आणला आणि टायगर वूड्सला हरवलं. मग ‘म्हाताऱ्यांचा क्लब’ हे हिणवणं जरा थंडावलं.

मधल्या काळात आयर्नचे लॉफ्ट मात्र गुपचूप कमी होत गेले. सत्तरच्या दशकात सात नंबर साधारण ३६ अंशांचा असे. आज हौशींच्या सेटमध्ये तो २८ ते ३० अंशांचा मिळतो. म्हणून ‘चार नंबरचं आयर्न काढा, चार नंबरचं हायब्रिड घाला’ हा सल्ला फसवा आहे. आकडा विसरा, तळावर किंवा कंपनीच्या तक्त्यात लॉफ्ट बघा. साधारणपणे तीन नंबरचं हायब्रिड १९ अंशांच्या आसपास, चार नंबरचं २२, पाच नंबरचं २५. आधी तुमचं भरवशाचं सर्वांत लांब आयर्न किती यार्ड जातं ते रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, मोजा. हायब्रिड त्याच्यापुढे १० ते १५ यार्ड जायला हवं. त्याच लॉफ्टच्या आयर्नपेक्षा हायब्रिडचा शाफ्ट (दांडा) सहसा लांब आणि हलका असतो, त्यामुळे ते जास्त दूर जातं. हे ध्यानात घेतलं नाही तर दोन क्लब एकाच अंतराचे होतात किंवा मध्ये खिंडार पडतं.

शाफ्ट बदलायचा झाला तर डोक्यात बसणाऱ्या टोकाचा व्यास तपासा. बहुतेक हायब्रिडना ०.३७० इंचाचा लागतो, फेअरवे वूडचा ०.३३५ चा त्यात सैल बसतो.

चेंडू डावीकडे वळत राहिला तर बऱ्याचदा लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) जास्त उभा असतो किंवा शाफ्ट फार हलका असतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वूडसारखा झाडू फिरवणं. चेंडू मधल्या जागेच्या किंचित पुढे ठेवून आयर्नसारखा खाली मारायचा. उचलायचं काम लॉफ्ट करतो.

ग्रीनच्या काठावरही हा क्लब कामाचा आहे. २००४ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल ट्रूनवर, टॉड हॅमिल्टनने एर्नी एल्सविरुद्धच्या प्लेऑफच्या शेवटच्या होलवर ग्रीनच्या अलीकडून हायब्रिडनेच चेंडू घरंगळत होलजवळ नेला. पकड खाली सरकवायची, पटरसारखा (ग्रीनवर चेंडू घरंगळवायच्या क्लबसारखा) झोका द्यायचा, मनगटं स्थिर. चेंडू आखूड गवतावरून किंचित उडतो आणि मग पटरने मारल्यासारखा धावतो.