गो डेव्हिल आणि हरिकेन: जीपच्या इंजिनात काय अदलाबदल होतं, काय नाही

युद्धकाळातल्या विलीज एमबी या लष्करी जीपमध्ये आणि पुढे सीजे-२ए, सीजे-३ए या नागरी जीपमध्ये आलेलं इंजिन म्हणजे एल-१३४, उर्फ गो डेव्हिल. १९५३ च्या सीजे-३बी मध्ये, म्हणजेच महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षे बनवलेल्या उंच बॉनेटच्या जीपमध्ये बसलं ते एफ-१३४, हरिकेन. दोन्हींचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ३ १/८ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४ ३/८ इंच. त्यामुळे भंगारात एखादा ब्लॉक मिळाला की 'सगळं एकच आहे' असं सर्रास सांगितलं जातं.

एकच आहे ते खालचं. रिंगा आणि रॉड बेअरिंग दोन्हीकडे चालतात. क्रँकही बसतो, पण त्याचा एंड-प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, पुढच्या थ्रस्ट वॉशरमागच्या शिमने (पातळ चकतीने) ४ ते ६ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) नव्याने आणावा लागतो. जुने शिम तसेच घालू नका.

वर मात्र दोन वेगळी इंजिनं आहेत. एल मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. एफ मध्ये एक्झॉस्ट खाली आणि इनटेक हेडमध्ये, पुशरॉड-रॉकरवर. म्हणून हेड आणि ब्लॉक जोडीनेच घ्यावेत. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फटही वेगळी लावायची: सीजेच्या एल मध्ये दोन्ही १६ थाऊ, एफ मध्ये इनटेक १८ आणि एक्झॉस्ट १६, इंजिन थंड असताना. एफ चं हेड उतरवताना कार्ब्युरेटरखालच्या तोंडात दडलेला एक बोल्ट विसरला जातो. मग पहार लावली की हेड तडकतं. परत बसवताना तोही इतरांसारखाच ६० ते ७० फूट-पाउंडने आवळायचा.

खरा घात कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) होतो, आणि तो एका एल चे भाग दुसऱ्या एल ला लावतानासुद्धा. सुरुवातीच्या एल ला टायमिंग चेन होती. सीजे-२ए मध्ये इंजिन क्रमांक १७५४०२ पासून गिअर आले. चेनवर कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरवर उलट. गिअरचा कॅम चेनवर चढवला की १-३-४-२ हा सिलिंडर पेटण्याचा क्रम मोडतो. व्हॉल्व्ह चुकीच्या क्रमाने उघडतात आणि इंजिन सुरूच होत नाही. ऑइल पंपही कॅमवरूनच चालतो आणि डिस्ट्रिब्युटर पंपावरून. डिस्ट्रिब्युटरची दिशा तीच राहावी म्हणून पंपाच्या गिअरचे तिरके दाते दोन्ही प्रकारांत एकमेकांच्या उलट कापलेले असतात. चुकीचा पंप दाबून बसवला तर दाते चावले जातात. कॅम, दोन्ही टायमिंग चाकं, पुढचं कव्हर आणि पंप हा एकच संच समजा. पंप विकत घेताना जुना हातात घेऊन दात्यांचा तिरपेपणा नव्याशी ताडून पाहा. डब्यावरच्या नावावर जाऊ नका.

फ्लायव्हील बदलणार असाल तर रिंगगिअरचे, म्हणजे त्याच्या कडेच्या दातेरी कड्याचे, दाते मोजा: लष्करी जीपला ९७, नंतरच्या सीजेंना १२४ किंवा १२९. स्टार्टर त्याच जोडीचा हवा, नाहीतर स्टार्टरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, दात्यांवर घासत राहतं.