हायड्रोजनचा स्पंज कधी देणार? (फर्नेसवाल्या ग्राहकांसाठी माहिती)

रेट विचारून झाला की जालन्याच्या फर्नेसवाल्यांचा पुढचा प्रश्न हल्ली ठरलेला असतो: हायड्रोजनचा स्पंज आहे का? म्हणजे कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून खनिजापासून बनवलेलं स्पंज आयर्न, जे भट्टीत वितळवून पोलाद करतात. आज आमच्याकडे नाही. कोणी ट्रक भरून देतो म्हणालाच, तर आधी प्लांट कुठला ते विचारा. स्वीडनमध्ये लुलिओला 2020 पासून पायलट प्लांट आहे. आपल्याकडे ग्रीन हायड्रोजन मिशनखाली पोलादाचे प्रायोगिक प्रकल्प 2024 मध्ये मंजूर झाले. बाजारात माल यायला वेळ आहे.

अडचण विजेची आहे. एक टन लोखंडाला हिशेबाने 54 किलो हायड्रोजन लागतो आणि पाण्यापासून तो काढायला पावणेतीन ते तीन हजार युनिट जातात. तुमची इंडक्शन फर्नेस टनाला जेवढी वीज खाते, त्याच्या चौपट-पाचपट. रेट कुठे जाईल ते तुम्हीच बघा. शिवाय त्या मालात कार्बन जवळजवळ नसतोच, म्हणजे कार्बन वाढवायला टाकायच्या कार्बुरायझरचा खर्च वेगळा.

मधला रस्ता आजही आहे, तो म्हणजे कोळशाऐवजी नैसर्गिक वायूवर बनवलेला, गॅसवरचा स्पंज. आपल्या रायगडात डोलवीला गॅसवरचा प्लांट नव्वदच्या दशकापासून आहे. अशा शाफ्ट फर्नेसच्या (उभ्या भट्टीच्या) गॅसमध्ये निम्म्याहून जास्त हायड्रोजनच असतो, बाकी बहुतेक कार्बन मोनॉक्साइड. त्यामुळे कोळशाच्या किल्नपेक्षा (आडव्या फिरत्या भट्टीपेक्षा) कार्बन डायऑक्साइड बराच कमी निघतो. उद्या हायड्रोजन येईल तो याच प्रकारच्या भट्टीत. हा माल आम्ही मागणीप्रमाणे आणून देतो, रेट अर्थातच वरचा.

आता ज्यासाठी हा कागद छापला ते. गॅसचा आणि कोळशाचा माल एका ढिगात टाकू नका. ट्रक रात्री येतो, यार्डात जागा नसते, लोडरवाला दोन्ही एकत्र लोटतो आणि आठवड्याने आम्हाला फोन येतो की कार्बन जुळत नाही, माल खराब आहे. माल खराब नसतो. कोळशाच्या स्पंजमध्ये कार्बन साधारण 0.2 टक्के, गॅसच्या मालात दीड-दोन टक्के. एका बकेटला एक येतो, दुसऱ्या बकेटला दुसरा. 500डी ग्रेडच्या बांधकामाच्या सळईला कार्बनची मर्यादा 0.25 टक्के आणि इंडक्शनमध्ये वाढलेला कार्बन सहज खाली आणता येत नाही. मग हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा रस, अडकते आणि सँपलवर सँपल जातात. वर मिसळलेल्या ढिगाचं सँपल आमच्याकडे तपासायला पाठवलं, तर त्यावरून कोणत्या लॉटबद्दल काय सांगणार?

हेच कागदाचं. 2024 च्या डिसेंबरपासून केंद्राच्या व्याख्येत टनाला 2.2 टनांखाली कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन असलेलं पोलाद ग्रीन धरतात आणि 1.6 खाली पाच स्टार. त्यात विकत घेतलेल्या स्पंजचं उत्सर्जनही मोजलं जातं. युरोपला जाणाऱ्या मालाचे खरेदीदारही हेच आकडे मागतात. कुठल्या प्लांटचा किती माल चार्ज केला याची नोंद तुमच्याकडेच नसेल, तर आमचं पत्र कामाचं नाही. वर्षअखेरीला जुन्या काटापावत्या शोधून द्या म्हणून येणारे फोन आमचाही दिवस खातात.

म्हणून आमचा माणूस उतरवताना लॉटच्या चिठ्ठीवर सही मागतो. काहींना तो आगाऊपणा वाटतो. मागू द्या, दोन मिनिटांचं काम आहे. आणि बिलावर ‘ग्रीन’ असा शिक्का आम्ही मारत नाही, कितीही आग्रह झाला तरी. स्टार पोलादाला मिळतात, स्पंजला नाही. प्लांटचं नाव, मेटलायझेशन (एकूण लोखंडापैकी धातुरूप किती ते), कार्बन आणि लॉट नंबर मात्र आम्ही प्रत्येक ट्रकसोबत लेखी देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पावसाळ्यात ताडपत्री हवीच. भिजलेला स्पंज गंजतो, तापतो आणि पाण्यातून हायड्रोजन बाहेर काढतो. फुकटात मिळणारा हा हायड्रोजन बंद शेडमध्ये कोणालाच नको असतो. ओला माल भट्टीत तर टाकूच नका.

गॅसचा माल हवा असेल तर टनेज, साइज आणि कोणता कागद लागणार हे ऑर्डरमध्येच लिहा. यार्डात वेगळी जागा नसेल तर तेही सांगा. जेवढा लागेल तेवढाच माल आमच्या शेडमधून हप्त्याहप्त्याने पाठवू.